हातावरची फुली

जूनमध्ये सुरू झालं. कर्लिंग क्लबचा हॉल,
बर्फ काढून टाकलेला, खाली नुसतं ओलसर सिमेंट,
त्यावर चार पोरं, तीन अँप्लिफायर
आणि एक पंखा. सगळ्यात सुरात तोच होता.
दारातल्या मुलानं ऐलाच्या हातावर काळ्या मार्करनं
फुली मारली: एकोणीस पूर्ण नाहीत, बिअर द्यायची नाही.
मग माझ्याकडे पाहिलं
आणि मार्करला टोपण लावलं.
एवढ्याशा टक आवाजानं मी म्हातारा झालो.

पिकअप माझा, म्हणून मी.
ठरलं असं होतं की मी बाहेर गाडीत बसेन,
थर्मास, बेसबॉलची कॉमेंट्री, अकराला घरी.
तिसऱ्या गुरुवारी मी झांजांचे स्टँड उचलत होतो.
चौथ्या गुरुवारी युक्रेनियन हॉलच्या तळघरात
कुणीतरी मला विचारलं, ‘काका, फ्यूज कुठं असतो?’
आणि मला माहीत होतं.

शेजारणीचं कुत्रं, हे बँडचं नाव.
टावी बेस वाजवतो, दिवसा फ्रीज दुरुस्त करतो,
बोटांना सतत गॅसचा वास.
गाणारी मिकेला डोळे मिटून गाते,
कारण पहिल्या रांगेत तिची शाळेतली गणिताची बाई येते.
शब्द मला कधीच कळले नाहीत.
छातीत काहीतरी हलायचं तेवढं कळायचं,
धान्याच्या कोठारात पट्टा सुरू झाला
की पायाखाली हलतं, तसं.
तेवीस वर्षं ते काम केलंय, त्यामुळे ओळखीचं होतं.

ऐलाच्या हातावर फुलीवर फुली चढत गेली.
धुतली तरी सावली राहायची.
लीसा म्हणाली, पोरगी आहे की
चुकलेलं गणित?

ऑगस्टच्या आठ तारखेला निघालो डुलुथला.
वाढदिवस नऊला. शेजारणीचं कुत्रं प्रथमच परदेशी भुंकणार होतं.
डाव्या हाताला सुपीरिअर, तीन तास,
मधेच झाडांमागे जायचं, मधेच
सगळी खिडकी भरून टाकायचं.
पिजन नदीच्या पुलावर फोननं आपणहून
एक तास मागे घेतला.
‘बाबा,’ ती म्हणाली, ‘मी एका तासानं लहान झाले.’
मी म्हटलं, पेट्रोल तेवढंच लागलं.

तिथं तर एकवीस लागतात.
दारातल्या बाईनं ओळखपत्र दिव्याखाली धरलं,
जन्मतारीख बोटावर मोजली
आणि दोन्ही हातांवर फुल्या मारल्या. दोन्ही!
ऐला इतकी हसली की
मागच्या रांगेतलेही हसायला लागले.

मिकेला चौथं गाणं सुरू करत होती
तेव्हा माझा फोन थरथरला. लीसा,
हॉस्पिटलची रात्रपाळी, वॉर्डातून चोरून:
‘बारा वाजले. झाली एकोणीस.’
भिंतीवरच्या घड्याळात अकरा.
तिकडे मोठी झालेली, इकडे अजून नाही.
मी काही बोललो नाही. ऐकू आलं नसतं.
फोन डोक्यावर धरून उभा राहिलो, हात दुखेपर्यंत,
तिनं किती ऐकलं ते विचारलं नाही अजून.
पुढे गर्दीत ऐलाची पाठ दिसत होती,
वर केलेले दोन हात, दोन फुल्या.
तिला सांगायला जावं असं वाटलं.
मग वाटलं, राहू दे.
तासभर तरी माझ्याकडेच राहू दे.

परतताना तो तास पुलावर द्यावा लागला.
अधिकाऱ्यानं विचारलं, काही विकत घेतलंत?
एक टी-शर्ट, मी म्हटलं. मोठ्या मापाचा. माझाच.

घरी पोचल्यावर पहिला ग्लास मी पाजायचा ठरलं होतं.
बारवाल्यानं तिचे हात पाहिले,
फुल्या पुसट, पण होत्या.
मान हलवली. तिनं कार्ड काढलं.
त्यानं ते उलटंपालटं केलं,
‘बरं, उशिरा का होईना,’ म्हणत ग्लास ठेवला.
दोन घोट घेतले तिनं, तोंड वाकडं केलं,
ग्लास माझ्याकडे सरकवला
आणि विचारलं,
गुरुवारी गाडी मोकळी आहे ना?